एंजिनाचा श्वास आणि अश्वशक्तीची मर्यादा

मोटारीच्या एंजिनाची शक्ति वाढवावयाची असेल, तर तें एंजिन मोठें करावें म्हणजे झालें, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत 'मसल कार' म्हणजे बलदंड मोटार लोकप्रिय झाली, तिच्या मुळाशींही हाच समज होता. १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ हें तिचें प्रसिद्ध उदाहरण होय. मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें मोठें एंजिन बसवून ती तयार केली होती. परंतु ज्या एंजिनास पुरेसा श्वास घेतां येत नाहीं, तें कितीही मोठें असलें तरी ठराविक मर्यादेपलीकडे शक्ति देऊं शकत नाहीं. हा श्वास केव्हां घ्यावयाचा व केव्हां सोडावयाचा हें कॅमशाफ्ट नांवाचा दांडा ठरवितो. त्याच्या कार्याचा व त्यानें घातलेल्या मर्यादेचा येथें विचार करूं.

प्रथम अश्वशक्ति म्हणजे काय तें पाहूं. ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलावयास लागणारी शक्ति ती एक अश्वशक्ति, असें जेम्स वॅट यानें ठरविलें. एंजिनाच्या मुख्य दांड्यास फिरविणाऱ्या पिळाच्या जोरास टॉर्क म्हणतात. पौंड-फुटांतील टॉर्क मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणून ५,२५२ नें भागला म्हणजे अश्वशक्ति मिळते. यावरून उघड होईल कीं, फेरे वाढले म्हणजे अश्वशक्ति वाढेल, पण टॉर्क टिकला तरच. टॉर्क टिकणें हें नळकांड्यांत दर खेपेस किती हवा भरते यावर अवलंबून असतें. कारण जितकी हवा, तितकेंच पेट्रोल जाळतां येतें.

एंजिनाचें काम चार टप्प्यांत चालतें. दट्ट्या खालीं जातांना हवा आंत येते. वर येतांना ती पेट्रोलसह दाबली जाते. ठिणगीनें मिश्रण जळून दट्ट्यास खालीं ढकलतें. आणि पुन्हां वर येतांना दट्ट्या धूर बाहेर लोटतो. इतक्यांत मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात व कॅमशाफ्टचा एक. कॅमशाफ्टवर अंडाकृति उंचवटे असतात. उंचवटा वर आला कीं झडप उघडते. तो सरला कीं स्प्रिंग तिला मिटते.

आतां थोडें गणित करूं. समजा, हवेची झडप मुख्य दांड्याच्या २४० अंशांपर्यंत उघडी राहते. मिनिटास ६०० फेरे असतां तिला सेकंदाचा पंधरावा भाग मिळतो. ६,००० फेरे असतां अवघा दीडशेवा भाग. उंचवटा तोच, अंशही तेच. काळ मात्र एक दशांश.

मग झडप अधिक अंश उघडी कां ठेवूं नये, अशी शंका सहज येईल. शर्यतीच्या एंजिनांत असेंच करतात. वेगानें आंत येणाऱ्या हवेस जडत्व असतें. दट्ट्या वर परतूं लागला तरी ती क्षणभर आंत शिरतच राहते. म्हणून जास्त फेऱ्यांवर झडप उशिरां मिटणें हिताचें असतें. कमी फेऱ्यांवर मात्र हवेस तो वेग नसतो, आणि घेतलेली हवा दट्ट्या परत बाहेर लोटतो. दुसरें असें कीं, धुराची झडप मिटण्यापूर्वीं हवेची झडप उघडते, व थोडा वेळ दोन्ही उघड्या असतात. जास्त फेऱ्यांवर बाहेर धांवणारा धूर नव्या हवेस आपल्यामागें ओढतो. पण गाडी उभी असतां तोच धूर उलट हवेच्या वाटेंत शिरतो. मग एंजिन अडखळत, धडधडत चालतें. हा धडधडाट कित्येकांस मोह घालतो. परंतु त्यासरशीं न जळलेलें पेट्रोल वायां जातें व हवा दूषित होते. अमेरिकेंत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा झाल्यानंतर कारखान्यांस असा कॅमशाफ्ट सर्रास घालणें अशक्य झालें.

आतां दोन अर्वाचीन एंजिनें शेजारीं ठेवून पाहूं. २०१६ सालच्या शेव्हरोले कॅमेरो एसएस गाडीचें एंजिन ६.२ लिटरचें होतें. त्यांत एकच कॅमशाफ्ट असून तो लांब दांड्यांच्या द्वारें १६ झडपा हालवीत असे. ४,४०० फेऱ्यांवर त्याचा टॉर्क ४५५ पौंड-फूट, म्हणजे सुमारें ३८१ अश्वशक्ति. आणि ६,००० फेऱ्यांवर ४५५ अश्वशक्ति. सूत्र उलटें लावलें असतां ६,००० फेऱ्यांवर टॉर्क सुमारें ३९८ च उरल्याचें दिसतें. फेरे शेंकडा ३६ नीं वाढले, पण अश्वशक्ति शेंकडा १९ नींच. श्वास अपुरा पडूं लागल्याची ही खूण होय.

२०१८ सालच्या फोर्ड मस्टँग जीटीचें एंजिन ५ लिटरचेंच होतें; परंतु त्यांत चार कॅमशाफ्ट व ३२ झडपा होत्या. त्यानें ७,००० फेऱ्यांवर ४६० अश्वशक्ति दिली. म्हणजे दर लिटरमागें ९२. कॅमेरोची सुमारें ७३. कॅमेरोचा कॅमशाफ्ट चालू एंजिनांतही थोडा मागेंपुढें फिरवितां येई. पण हवेचे व धुराचे उंचवटे एकाच दांड्यावर कोरलेले असल्यामुळें ते बरोबरच सरकत. मस्टँगमध्यें ते निरनिराळ्या दांड्यांवर असल्यानें स्वतंत्रपणें सरकत. अर्थात् या सोयीसाठीं एंजिन रुंद व गुंतागुंतीचें झालें, आणि त्याचा सर्वांत अधिक टॉर्क ४२० पौंड-फूट, म्हणजे कॅमेरोहून कमीच राहिला.

या अडचणींतून वाट काढण्याचे आणखीही यत्न झाले. २००८ सालच्या डॉज व्हायपरमध्यें एका दांड्याच्या पोटांत दुसरा दांडा बसवून धुराचे उंचवटे हवेच्या उंचवट्यांपासून वेगळे सरकण्याची सोय केली होती, ८.४ लिटरच्या त्या एंजिनाची शक्ति ६०० अश्वशक्ति होती. २०१५ सालच्या डॉज चॅलेंजर हेलकॅटनें ६.२ लिटरच्या एंजिनांत यंत्रानें हवा कोंबून ७०७ अश्वशक्ति मिळविली. तथापि अशा एंजिनांतही दोन्ही झडपा फार वेळ एकदम उघड्या राहिल्या, तर कोंबलेली हवा सरळ धुराच्या वाटेनें निघून जाईल. म्हणून तेथेंही उंचवट्यांचा आकार जपूनच ठरवावा लागतो.

तात्पर्य, शक्ति कोणत्या फेऱ्यांवर मिळावी याची निवड कॅमशाफ्ट करतो, आणि एका टोंकास मिळविलेलें बहुधा दुसऱ्या टोंकास द्यावें लागतें. म्हणून कॅमशाफ्ट बदलूं पाहणाऱ्यानें, आपली गाडी अधिक काळ किती फेऱ्यांवर चालते, हें आधीं पाहावें.

अभ्यास: वरील मस्टँग एंजिनाचा टॉर्क ४,६०० फेऱ्यांवर ४२० पौंड-फूट होता. त्या वेळची अश्वशक्ति काढा. नंतर ७,००० फेऱ्यांवरील टॉर्क काढून कॅमेरोच्या आंकड्यांशीं तुलना करा. (उत्तरें: सुमारें ३६८ अश्वशक्ति, सुमारें ३४५ पौंड-फूट.)