फेफरे असेही येते

फेफरे म्हटले की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. मूल खाली पडते, हातपाय झाडते, तोंडाला फेस येतो. कोणी याला फीट म्हणतात, कोणी आकडी. पण फेफरे दर वेळी असेच येत नाही. ज्या मुलाचे मोठे झटके औषधाने थांबले आहेत, त्यालाही निराळ्या तऱ्हेचे फेफरे येऊ शकते. घरच्यांना ते ओळखता आले पाहिजे.

मेंदूचे काम विजेच्या बारीक इशाऱ्यांवर चालते. त्यांत एकाएकी गोंधळ झाला की फेफरे येते. गोंधळ कोठे झाला, त्याप्रमाणे खुणा बदलतात. त्या खुणा आपण पाहू.

१. मूल जेवताजेवता थांबते. नजर एका जागी लागते. काही क्षणांनी ते पुन्हा जेवू लागते. अशा वेळी हाक मारा, खांद्याला हात लावा. विचारात रमलेले मूल वळून पाहते. फेफरे आलेले मूल वळत नाही. शाळेत अशा मुलाला 'लक्ष नाही' म्हणून बोलणी बसतात. आम्ही मास्तरांनाही सांगतो, आधी नीट पाहा, मग रागवा.

२. मूल उगाच ओठ चाटते, चघळल्यासारखे करते, सदऱ्याशी चाळा करते. विचारले तर उत्तर देत नाही.

३. झोपेत तोंड एका बाजूला ओढले जाते, लाळ गळते, शब्द फुटत नाही.

४. वर्षाच्या आतले मूल झोपून उठताना एकदम पुढे वाकते, हात फाकतात, गुडघे पोटाशी येतात. हे क्षणभरच होते, पण एकामागून एक पुष्कळ वेळा होते. पोट दुखत असेल, दचकले असेल, असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर बुद्धीची वाढ खुंटू शकते.

डॉक्टरांसमोर फेफरे येईलच असे नाही. घरच्यांनी जे पाहिले, त्यावरच त्यांची मदार असते. आता आपल्याला लिहिता येते. मग वहीत असे लिहून ठेवा:

'सोमवार, सकाळी ७. दूध पिताना थांबली. नजर एकटक. १० आकडे मोजेपर्यंत. हाकेला ओ दिली नाही.'

मोबाईलवर चित्र घेता आले तर तेही दाखवा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

मोठे झटके आले तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात पाणी, चमचा, काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फेफरे थांबत नाही. झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आले, तर १०८ वर फोन करून गाडी बोलवा.

फेफरे ही करणी नव्हे. ते शिवल्याने लागत नाही. पुष्कळ मुलांचे फेफरे औषधाने आटोक्यात येते. त्यासाठी ते वेळीच ओळखले पाहिजे.

प्रश्न
१. रमलेले मूल आणि फेफरे आलेले मूल कसे ओळखाल?
२. कोणती खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे?
३. वहीत काय काय लिहाल?