शेवटच्या फेरीपासून हिशोब

मेहकर,
पोळ्याचा आदला दिवस

चि. निखिल यास,


तुझा फोन येऊन गेला त्या रात्री तुझ्या आईला झोप नव्हती. सकाळी सहालाच तिचा मला फोन, "दिवाळीला येतो म्हणतो. तिकीट तेवढं काढायचं राहिलंय म्हणे." ते "तेवढं" ऐकलं आणि मी कागद घेऊन बसलो. एस.टी.त बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. "तेवढंच राहिलंय" म्हणणारी माणसं रात्री साडेनऊला पिशव्या मांडीवर घेऊन बाकावर बसलेली मी रोज बघत होतो.

तू म्हणालास, "मामा, अबुधाबी ते मुंबई तीन तास, त्यात काय?" तीन तास खरेच. पण तुझं गाव मुंबई नाही. खेड्यातली म्हातारी तालुक्याला बाजाराला निघते ना, ती आधी विचारते की गावाकडची मुक्कामी गाडी किती वाजता सुटते. ती वेळ पक्की झाली की मग बाजार किती वेळ, दवाखाना किती वेळ, हे ठरवते. तू शिकलेला इंजिनिअर, पण हिशोब उलटा लावतोस. आधी स्वस्त विमान बघतोस आणि पुढचं पुढे. तुझी शेवटची फेरी मेहकर ते वाडी ही आहे, बाबू. तिथून मागे मागे ये.

रेल्वेचं आधी सांगतो, कारण त्याला उशीर चालत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. आता गंमत बघ. पोळ्याची अवस ते दिवाळीची अवस म्हणजे दोन चांद्रमास, ५९ दिवस. मध्ये अधिक मास आला नाही, तर बैलांचे खांदे मळायचे आणि दिवाळीचं तिकीट काढायचं हे एकाच आठवड्यातलं काम. म्हणजे हाच आठवडा. विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेस, दोन्ही रात्री मुंबईहून निघून उजाडायच्या आधी मलकापूर, शेगाव गाठतात. तू शेगावचंच काढ. मलकापूरला अपरात्री उतरून करायचं काय? शेगावला स्टेशनाबाहेर त्या वेळीही जाग असते, महाराजांचं दर्शन होतं, आणि उजाडल्यावर खामगाव, जानेफळ करत मेहकर. खामगाव-जालना रेल्वे झाली असती तर हे सगळं लिहावं लागलं नसतं, पण ती मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्या भरवशावर कोणी दिवाळी ठरवत नाही.

तत्काळवर विसंबू नको. १ जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेल्या खात्यालाच ऑनलाइन तत्काळ मिळतं, आणि त्यासाठी इकडचा मोबाइल नंबर जिवंत पाहिजे. तुझं सिम रिचार्जअभावी बंद पडलं असेल तर आजच बघ. तेच सिम बँकेला लागतं, तेच जमिनीच्या कामाला लागतं.

विमान मुंबईत दुपारपर्यंत उतरेल असंच घे. रात्रीची गाडी पकडायची तर मध्ये इमिग्रेशन, बॅगा, कस्टम आणि मुंबईची वाहतूक, एवढं सगळं आहे. उड्डाण दोन तास उशिरा आलं तरी गाडी सापडली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरला विमानाने यायचा विचार असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घे. परदेशातून आलेल्याला पहिल्या विमानतळावरच बॅगा काढून कस्टममधून जावं लागतं, हे तिकीट एक असो वा दोन, सारखंच. पण तिकिटं वेगळी असली की पुढच्या विमानात बहुतेक १५ किलोच चालतात. तू तिकडून ३० किलो आणणार, मग उरलेल्या किलोंचे पैसे मोज. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाच. मुंबईत आधीच दोन टर्मिनल, त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ वेगळा. एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचं विमान पकडायचं म्हणजे स्टँड बदलण्यासारखं नाही.

आता समृद्धीचं. तुझ्या मित्रांनी सांगितलं असेल की ५ जून २०२५ पासून आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर रस्ता सलग सुरू आहे, गाडी कर आणि थेट मेहकरच्या नाक्यावर उतर. रस्ता चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याच्या शिवारात नागपूरहून पुण्याला चाललेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती पहाट इकडे कोणी विसरलेलं नाही. सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, डोळ्यांना काम नाही. अशा रस्त्यावर माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो.

माझंच सांगतो. तुझी ताई मस्कतहून आली तेव्हा मी मुंबईहून गाडी सांगितली होती. रात्री एकला विमानतळावरून निघाले. जालन्याच्या अलीकडे गाडी दुभाजकाला घासत पन्नास-साठ फूट गेली. कोणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. नंतर ड्रायव्हर पोराला विचारलं तेव्हा कळलं, तो आदल्या रात्री दुसरं भाडं घेऊन आला होता आणि दिवसभर गाडीतच पडून होता. आगारात मी ड्रायव्हरला गाडी देताना त्याचा चेहरा बघायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "काल रात्री कुठे होतास?" घरची पोरगी यायची तेव्हा नेमका तोच प्रश्न विचारायचा राहिला. तू विचार. उत्तर द्यायला वेळ लागला तर गाडी बदल. आणि रात्री उतरलास तर मुंबईत मुक्काम कर, सकाळी निघ. मुक्कामी गाडी काही आळशी नसते, ती पहाटे पहिली सुटते.

बॅगेचं थोडक्यात. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत सोन्याचे दागिने शुल्काशिवाय आणता येतात, बाईला ४० ग्रॅम. दागिने म्हटलंय, नाणी आणि बिस्किटं नाही. बिलं हाताशी ठेव. त्याहून जास्त असेल तर सरळ लाल मार्गाने जाऊन सांग. बाकी सामानाच्या किमतीची मर्यादा सरकार बदलत असतं, निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघ. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. कोणी "आमच्या घरी एवढं पुडकं दे" म्हणालं तर पुडकं उघडून बघ, आणि उघडू देत नसेल तर घेऊ नको. नातं तुटलं तर मी जोडतो. मोठा टीव्ही आणू नको, मेहकरात मिळतो.

परत जातानाचं मात्र जास्त महत्त्वाचं, कारण ती बॅग तुझी आई भरणार आहे. ती अनारसे करणार, आणि अनारसा खसखशीवर थापतात. तुझ्या तिकडे, अमिरातीत, खसखस अंमली पदार्थांत धरतात. विमानतळावर ती सापडली तर "आईने दिलंय" हे उत्तर चालत नाही. तिला आजच सांगितलंय, या वर्षी करंज्या, चकल्या, शेव काय ते कर, आणि करंजीच्या सारणातही खसखस नको. रुसली थोडी. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, सुकं खोबरं तेलामुळे पेट घेणारं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. लोणचं न्यायचं तर मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. तुझ्या गुडघ्यासाठी इथल्या डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या तर चिठ्ठीसकट ने, आणि त्यात ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असेल तर तिकडची परवानगी आधी घे.

आता ज्यासाठी तुला खरं तर यायचं आहे ते. भाऊजी जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हा तू धावत आलास आणि चौथ्या दिवशी परत गेलास, तुझाही इलाज नव्हता. पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. तू दिवाळीच्या आठवड्यात येणार, भाऊबीज उरकून जाणार, आणि त्या दिवसांत कचेऱ्यांना सुट्ट्या. मग काम होणार कधी? वारस नोंदीचा अर्ज आजच करायला हवा, ई-हक्कवरूनही होतो. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस असतात, ते तू येण्याआधी संपले पाहिजेत. मृत्यूचा दाखला आणि तुमची तिघांची आधार कार्डं मी घेऊन जातो. तुझ्या बहिणीचं नाव त्यात आलंच पाहिजे, याबद्दल कोणी काही पुटपुटलं तर ऐकू नको. रजा भाऊबिजेनंतर चार कामाचे दिवस वाढवून घे. पुढच्या कामांसाठी आईला मुखत्यार करायचं तर तेही याच चार दिवसांत दुय्यम निबंधकाकडे करून टाक. तिकडून करून पाठवलंस तर दूतावासाचा शिक्का लागतो आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो.

आणि एक. तू आलास की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी चहाला येईल आणि समृद्धीच्या कडेच्या दोन एकरांची गोष्ट काढेल. वडिलोपार्जित शेती तुला वारसाने मिळते, पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, फेमा कायदा आहे. "नावाचं आम्ही बघतो" असं म्हणणारा तुझे पैसे बघत असतो. बँकेतलं तुझं जुनं बचत खातंही अजून साधंच आहे, ते एनआरओ करून घे.

येणार हे मात्र गुपित ठेवू नको. आजकाल पोरं दारात उभं राहून आईला चकित करतात आणि त्याचे व्हिडिओ काढतात. तुझ्या आईचा रक्तदाब बघता मला ते पसंत नाही. शिवाय तिला वाट बघायची असते. ते दोन महिने तिचे आहेत, तू वाचवू नकोस. तुझी खोली सारवायला तिने बाई सांगितलीय, सोयाबीनची पोती तिथून हलवलीत.

विमानाचं, रेल्वेचं, दोन्ही तिकिटांचे फोटो रविवारपर्यंत पाठव. शेगावला गाडी किती वाजता पोचते ते मी बघतो आणि तिथून पहिली एस.टी. कोणती तेही. फोटो आल्याशिवाय तिला तारीख सांगणार नाही.

तुझा,
मामा