आमच्या आखाड्यावरचं बोर्डो

बोर्डो हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मोसंबीच्या बुंध्यापाशी. आठ-नऊ वर्षांचा असेन. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या शिवारात, आमच्या आखाड्यावर दादा, म्हणजे माझे वडील, मातीच्या रांजणात काहीतरी निळं ढवळत होते. काय आहे विचारलं तर म्हणाले, "बोर्डो. झाडाचं औषध." दादा माळकरी होते. घरात दारूचा विषय निघाला तरी उठून ओसरीवर जाऊन बसायचे. ज्या नावाचं औषध त्यांनी आयुष्यभर झाडांना लावलं, ते नाव फ्रान्समधल्या एका शहराचं आहे आणि जग त्याला रेड वाइनसाठी ओळखतं, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मलाही ते उशिराच कळलं. २०१९च्या सप्टेंबरात पुतणीकडे तुलूझला गेलो होतो. तिनं हट्टानं बोर्डोला नेलं आणि तिथून उत्तरेला मेदॉकचे द्राक्षमळे दाखवले. बागेत घालवलेली वर्षं आणि त्या मळ्यांतले दोन दिवस, या दोन्हींतून जे हाती लागलं ते लिहून ठेवतो आहे.

१. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, घाई करू नका.

दादा गेल्यावर पहिल्याच वर्षी मी ही चूक केली. घरी लोखंडी पिंप रिकामं होतं. त्यातच मोरचूद टाकलं, वरून चुना ओतला, काठीनं हलवलं आणि फवारायला घेतलं. चार दिवसांत कोवळी पालवी करपली. पिंपाला पुढच्या हंगामात भोकं पडली. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड गेलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्यावर बसतं, म्हणजे भांडंही जातं आणि औषधही.

एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं. मोरचूद फडक्यात बांधून पन्नास लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवायचं, म्हणजे सकाळपर्यंत सगळं विरघळतं. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात फोडायचा. तो उकळतो, तेव्हा लांब उभं राहायचं. निवला की पाणी वाढवून पन्नास लिटर करायचं आणि गोणपाटातून गाळून घ्यायचा. मग दोघांनी दोन्ही भांडी उचलून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतायची आणि तिसऱ्यानं ढवळत राहायचं. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडी. तयार झालेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उरलं तर उद्यासाठी ठेवू नका, त्यातला दम जातो.

बुंध्याला लावायची पेस्ट याच मापाची, फक्त पाणी दहा लिटर.

२. विळा बुडवून बघा.

ही दादांची खूण. घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं स्वच्छ निघालं तर औषध तयार. आता कागदाच्या पट्ट्या मिळतात, त्याही चांगल्या आहेत. पण विळा प्रत्येकाच्या घरात असतो.

३. ज्यानं नीट बघितलं त्यालाच औषध सापडलं.

मेदॉकमध्ये जिरोंद नदीच्या डाव्या तीरावर सां-ज्युलियां नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या कडेला ड्युक्रू-बोकायू नावाचा शातो. शातो म्हणजे तिथली द्राक्षांची जहागीरच म्हणा: मळा, वाडा आणि वाइन करण्याची जागा सगळं एकत्र. दोन चौकोनी बुरूज असलेला तो वाडा लांबून दिसला आणि पुतणी म्हणाली, "काका, तुमचं बोर्डो इथलं बरं का." माझा विश्वास बसेना.

गोष्ट अशी. १८६०नंतर फ्रान्सच्या द्राक्षांच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीनं ग्रासलं. मळेच्या मळे वाळले. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून रानटी द्राक्षाचे खुंट आणले, कारण त्यांच्या मुळांना ती कीड मारू शकत नव्हती. उपाय लागू पडला, पण अमेरिकी रोपांबरोबर डाउनी मिल्ड्यूही आला. आपल्याकडे द्राक्षवाले ज्याला केवडा म्हणतात तोच. १८७८ साली तो फ्रान्समध्ये दिसला आणि वेलींची पानं गळू लागली. पान गेलं की घडात गोडी भरत नाही, आणि गोडी नाही तर वाइन कशाची?

१८८२च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सां-ज्युलियांच्या मळ्यांतून चालले होते. आत सगळीकडे वेली ओक्याबोक्या, आणि रस्त्याकडेच्या रांगांवर मात्र पानं शाबूत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पानांवर निळसर पांढरे डाग. बोकायूचे व्यवस्थापक अर्नेस्ट दाविद यांना त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं ते असं: येणारे-जाणारे घड तोडतात, म्हणून रस्त्याच्या कडेला मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवतो, म्हणजे विषारी वाटून कोणी हात लावत नाही.

चोरासाठी लावलेली राखण रोगाला लागू पडली होती. त्या रस्त्यानं किती माणसं गेली असतील! थांबून पानं बघणारा एकच निघाला. पुढची तीन वर्षं मिलार्दे, रसायनशास्त्राचे गायों आणि दाविद यांनी मळ्यांत प्रयोग केले आणि १८८५ साली नुस्खा जाहीर केला. पहिलं माप फार जहाल होतं, शंभर लिटर पाण्याला आठ किलो मोरचूद आणि वेगळ्या तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना. माणसं बादली घेऊन ओळीतून चालायची आणि छोट्या कुंच्यानं पानांवर शिंपडायची. आमचे दादा बुंधे रंगवायचे तसंच.

बुंध्यातून डिंक गळणारा मोसंबीचा डिंक्या आणि द्राक्षाचा केवडा हे रोग वेगळे, पण दोन्हींच्या मागे एकाच गणगोतातले जीव आहेत. ओल मिळाली की ते वाढतात आणि तांब्यापुढे हरतात. मेदॉकचं औषध जिंतूर तालुक्यात चालतं ते यामुळे.

मी त्या मळ्याच्या कडेला उकिडवा बसलो आणि पानांची खालची बाजू पाहिली. सवयच ती. पानांवर निळसर झाक होती. एकशे सदतीस वर्षांनीही तेच औषध, त्याच गावात. माझे डोळे भरून आले. दादा असते तर त्यांना सांगितलं असतं.

४. पाणी न थांबणारी जमीन निवडा.

बोकायूचा अर्थ पुतणीनं सांगितला: सुंदर गोटे. आणि खरंच, त्या मळ्यात माती कमी आणि नदीनं वाहून आणलेले गुळगुळीत गोटेच जास्त. आपल्याकडे असं रान कोणी फुकटातही घेणार नाही. पण पाणी त्यातून लगेच खाली उतरतं, वेलीची मुळं खोल जातात आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. काबर्ने सोव्हिन्यॉं हे तिथलं मुख्य काळं द्राक्ष उशिरा पिकतं, त्याला ही ऊब हवी असते. तिथले लोक म्हणतात की नदी दिसते तिथला मळा सगळ्यात चांगला.

आमची दोन रानं होती. एक ओढ्याजवळचं, काळ्याभोर मातीचं, ज्याचा सगळ्या भावकीला हेवा. दुसरं उताराचं, मुरमाड. मी मोसंबी काळ्या रानात लावली, कारण चांगलं पीक चांगल्या मातीत, एवढंच मला कळत होतं. सातव्या वर्षी बुंध्यांतून डिंक यायला लागला. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं आणि बोर्डो कितीही लावलं तरी मुळं कुजायची. दीडशे झाडं काढून टाकावी लागली. मुरमाड रानात नंतर लावलेली बाग आजही उभी आहे.

चारठाण्यात यादवकाळातली मंदिरं आहेत, बारव आहे. पाणी कुठे धरायचं हे त्या माणसांनी दगडात बांधून ठेवलं. पाणी कुठे धरू नये हे मला मोसंबीनं शिकवलं, आणि त्यासाठी दीडशे झाडं घेतली.

५. मालावर गावाचं नाव हवं.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियननं बोर्डोच्या वाइनची प्रतवारी करवली. दलालांनी वर्षानुवर्षांचे भाव पाहून पाच श्रेणी लावल्या. बोकायू दुसऱ्या श्रेणीत आलं. आजही ते तिथंच आहे. १९७३ साली मूतों रोथशिल्ड दुसरीतून पहिलीत गेलं, हा त्या यादीतला गाजलेला बदल. १९३६पासून सां-ज्युलियां हे नावच कायद्यानं राखलेलं आहे. त्या हद्दीत, तिथल्या नियमांनी पिकलेल्या द्राक्षाच्या वाइनलाच ते लावता येतं.

आमची मोसंबी मात्र व्यापाऱ्याच्या गाडीत चढली की तिचं गाव संपतं. मंठ्याकडे निघालं की जालना जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही मिळालं. शेजाऱ्यांना जमलं. आमच्या भागातल्या बागाईतदारांनी अजून एकत्र बसून हिशेबाच्या वह्यासुद्धा मांडलेल्या नाहीत, आणि त्यांत मीही आहे.

६. वाइनची द्राक्षं लावण्याआधी दहादा विचार करा.

आमचे एक पाहुणे दिंडोरी तालुक्यात आहेत. नाशिकच्या वाइनचा बोलबाला वाढला तेव्हा त्यांनी तीन एकर काळी द्राक्षं लावली. ही द्राक्षं बारकी, बियांची, जाड सालीची. रेड वाइनचा रंग त्या सालीतूनच येतो, आतला गर फिकाच असतो. बाजारात खायला ती कोणी घेत नाही. म्हणजे गिऱ्हाईक एकच, कारखाना. २००९च्या सुमारास मंदी आली, साठे पडून राहिले आणि त्यांच्या कारखान्यानं माल उचलला नाही. करार होता, पण घड काही कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. पाहुण्यांनी बाग तोडली. त्या वेळी नाशिककडे अनेकांनी तेच केलं.

शिवाय आपलं हवामान वेगळं. बोर्डोची वेल थंडीत झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथे टोपल्या भरतात तेव्हा आपण कात्री घेऊन उभे असतो.

७. तांबंही बेतानं वापरा.

तांबं जमिनीत साठतं. बोर्डोच्या जुन्या मळ्यांत ते इतकं साठलंय की आता युरोपात हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. मीही पूर्वी ढग दिसला की पंप उचलायचो. आता नाही उचलत.

८. न पिताही मान देता येतो.

सां-ज्युलियांत पुतणीनं हळूच विचारलं, "काका, चव तरी बघणार?" मी गळ्यातल्या माळेला हात लावला. ती समजली आणि पुन्हा बोलली नाही. वाइन कशी लागते हे मी सांगू शकणार नाही. पण ती पिकवणारी माणसं शेतकरी आहेत, ओळीओळीतून वाकून चालतात आणि पावसाला भितात, हे मी पाहिलं. त्यांच्या एका बांधावर सापडलेल्या औषधावर आमचं घर उभं राहिलं. परत आल्यावर मी दादांच्या तसबिरीपुढे बसून त्यांना हे सगळं सांगितलं.

मोसंबी-संत्र्यावाल्यांना एकच विनंती. मृग निघायच्या आधी जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा, पावसाळा सरला की पुन्हा एकदा लावा, आणि दोन्ही वेळा आधी विळा बुडवून बघा.