शिक्षकांचा अभ्यास

शाळा म्हणजे ज्ञानाचे व मायेचे स्थान, अशी आपली समजूत असते. परंतु कॅनडा देशात मुलांचे घरच हिरावून घेणाऱ्या शाळा शंभराहून अधिक वर्षे चालल्या.

युरोपातील लोक येण्यापूर्वीपासून तेथे राहणाऱ्या मूलनिवासींच्या मुलांनी आपली भाषा व चालीरीती विसराव्यात, या हेतूने सरकार व ख्रिस्ती धर्मसंस्था यांनी या निवासी शाळा चालविल्या. १९२० साली कायद्याने त्यांची सक्ती झाली. दीड लाखांहून अधिक मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. हजारो मुले घरी परतलीच नाहीत.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या शाळा पूर्णपणे बंद झाल्या. पण तेवढ्याने दुःख संपले काय?

फिलिस वेब्स्टॅड ही मूलनिवासी मुलगी १९७३ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, अशाच शाळेत गेली. आजीने हौसेने घेऊन दिलेला नारिंगी सदरा पहिल्याच दिवशी तिच्याकडून काढून घेण्यात आला. तिची आजी व आई याही प्रत्येकी दहा वर्षे अशा शाळेत राहिल्या होत्या. त्यामुळे आईबाप कसे असतात हे आपणांस कधी कळलेच नाही, असे फिलिसने पुढे सांगितले.

ज्याला बालपणी कोणी मांडीवर घेतले नाही, त्याने आपल्या मुलांना जवळ घेणे कोठून शिकावे? ज्या भाषेपायी मार खाल्ला, ती भाषा अनेकांनी मुलांना शिकविलीच नाही. विहिरीचा झरा बुजला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या वाफ्यालाही पाणी मिळत नाही. तसेच हे झाले.

अशा घरातील नातवंड वर्गात गप्प बसले, तर अजाण शिक्षक त्याला मंद किंवा हट्टी समजेल. जाणता शिक्षक त्या मौनामागील पिढ्यांचे दुःख ओळखील. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. २०१५ साली सत्य व सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. हा इतिहास सर्व शाळांत शिकवावा व त्यासाठी शिक्षकांनाही तयार करावे, असे त्यांत सांगितले आहे.

मुलांनो, शिकविणाऱ्याने आधी शिकावे, यात कमीपणा नाही. ज्या शाळेने दुःख दिले, तिनेच ते समजून घेतले, तर पुढील पिढीच्या वाट्याला माया येईल.

स्वाध्याय
१. शाळा बंद झाल्यावरही दुःख का संपले नाही?
२. अजाण व जाणता शिक्षक यांतील फरक सांगा.