जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताना

पनवेल आणि आसपासच्या गावांत अजूनही पुष्कळ घरांच्या परसात आठ-दहा कोंबड्या असतात. पुरुष मंडळी दुकानात किंवा कारखान्यात, आणि अंड्यांचा पैसा घरातील बायांच्या हाती. दोन-तीन वर्षांनी जुन्या कोंबड्यांची अंडी कमी होतात, मग तलंगा विकत आणल्या जातात. नुकसान होते ते बहुधा याच वेळी.

आम्ही स्वतः ही ठेच खाल्ली आहे. फिरत्या विक्रेत्याकडून सहा तलंगा घेतल्या आणि त्याच संध्याकाळी आमच्या नऊ कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. सकाळी एका तलंगेचे डोके टोचून रक्तबंबाळ झाले होते. तेवढ्यावर भागले असते, पण आठवडा उलटत नाही तोच हिरवी हगवण आणि वाकड्या माना दिसू लागल्या. मानमोडी! पंधरातल्या चार उरल्या. तलंगांना लस टोचली आहे का, हे आम्ही विचारलेच नव्हते.

म्हणून पहिले काम वेगळे ठेवण्याचे. नवा पक्षी किमान तीन आठवडे जुन्यांपासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावा. दाण्या-पाण्याची भांडी वेगळी, आणि आधी जुन्यांचे काम उरकून मग नव्यांकडे जावे. मानमोडीवर पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन देतात. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण घेणार? मोहल्ल्यातील दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवून, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, मिळून एक कुपी आणावी. बर्फात ठेवून आणावी. व्यापारात भागीदारी करणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड वाटू नये.

जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर गावात बर्ड फ्लू निघाला आणि तेथील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हा एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर ताबडतोब दवाखान्याला कळवावे. उरलेल्या घाईने जिबह करून विकण्याचा मोह होतो, तो धरू नये.

तीन आठवडे सुखरूप गेले की ओळख करून द्यावी. कोंबड्यांत मानपान कडक असतो. कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एबे या संशोधकाने 1922 साली ती नीट मांडली, पण आपल्या आज्यांना ती ठाऊकच होती. नवी आली की उतरंड मोडते आणि भांडण लागते. मधे जाळी लावून आठवडाभर एकमेकींना नुसते पाहू द्यावे. मग एके रात्री अंधार पडल्यावर तलंगा उचलून जुन्यांशेजारी दांडीवर बसवाव्यात, आणि पहाटेच खुराडे उघडावे. एकटी तलंग कधी सोडू नये, दोन-तीन तरी असाव्यात. अंगाने फार लहान असतील तर थांबावे. दाण्याची दोन भांडी दूर-दूर ठेवावीत, आडोशाला एखादी फळी किंवा उपडी टोपली ठेवावी. थोडी टोचाटोची चालायचीच. रक्त दिसले मात्र की ती कोंबडी लगेच बाजूला काढावी, कारण लाल रंग पाहून बाकीच्या तिथेच टोचतात.

खाद्याची चूक बरेच जण करतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात चुना भरपूर असतो. अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडाला तो बाधतो. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य घालावे आणि शिंपल्यांची चुरी वेगळ्या वाटीत ठेवावी. अंडी देणारी आपणहून खाते, तलंग फारशी शिवत नाही.

हे सारे आगोटीच्या आधी उरकावे. पावसात सगळ्या दिवसभर खुराड्यात कोंडल्या राहतात, आणि हरणाऱ्या तलंगेला पळायला जागा मिळत नाही.