अर्ज परक्या हाती देऊ नका

सैन्यातल्या अग्निवीर भरतीच्या मैदानाबाहेर लिंबाच्या झाडाखाली मी मध्यरात्रीपासून बसून होतो, आणि उन्हे चढल्यावर माझा मुलगा फाटकातून बाहेर आला तेव्हा त्याच्या चालण्यावरूनच मी ओळखले की काहीतरी विपरीत घडले आहे. कारण शर्यतीत मागे पडलेला मुलगा दमलेला दिसतो, आणि हा दमलेला नव्हता, नुसता गप्प होता. छातीवरचा क्रमांक अजून तसाच होता. "अण्णा, पळालो. पहिल्या गटात आलो. बीम पण दहा मारले. पण फॉर्मातलं आईचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटाशी जुळत नाही म्हणाले," एवढे बोलून त्याने कागदांची पिशवी माझ्या हाती दिली. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापल्याचे ६० गुण आणि दहा बीमचे, म्हणजे पुल-अपचे, ४०, असे शंभरपैकी शंभर मिळवलेला, दोन वर्षे कालव्याच्या भरावावरून पहाटे धावलेला मुलगा एका नावाच्या तफावतीपायी परत फिरला. ही गोष्ट अजूनही माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

माझ्या पत्नीचे माहेरचे नाव निराळे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिले गेले तेच माझ्या वडिलांनी नातवाला शाळेत घालताना गुरुजींना सांगितले, आणि तेच पुढे मंडळाच्या प्रमाणपत्रावर आले. तिचे आधारपत्र मात्र तिच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावाने निघाले. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने आईचे आधारपत्र मागितले आणि त्यावरून नाव चढवले. मी त्याच वेळी विचारले होते, की दहावीच्या प्रमाणपत्राशी रुजुवात करायची नाही काय. आणि हे मी विचारले होते याला माझा मुलगा साक्षी आहे. "काका, आधार म्हणजे फायनल. दिवसभर हेच करतो मी," असे त्याने मान वर न करता सांगितले. भ्रमणध्वनी क्रमांकही त्याने स्वतःचाच घातला, सबब प्रवेशपत्र निघाल्याची वार्ता आम्हाला परीक्षेच्या दोन दिवस आधी, तीही दुसऱ्याच मुलाकडून कळली.

मैदानावरून परतल्यावर मी सरळ त्याच्या दुकानात गेलो. चुकीची कबुली दिली असती तर मी मुकाट्याने घरी आलो असतो. परंतु त्याने अर्जाची नक्कल उघडली, खालच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "माहिती बरोबर असल्याचं तुमच्या पोरानंच मान्य केलंय. पाठवायच्या आधी दाखवलं होतं मी." दाखवले होते खरे: मागे माणसे ताटकळत असताना, पडदा अर्धवट वळवून, दोन पळे. एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद चाळू लागला. मैदानावर कागद तपासणाऱ्या सुभेदारांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे नियम होता. याच्यापुढे मात्र एका मुलाचे आयुष्य होते, आणि त्याने त्याकडे धड पाहिलेही नाही.

अशी चूक आपल्याकडे इतकी महाग का पडते ते पाहा. अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाची लष्करी नोंदणी व्हावी असा कायदा आहे, आणि दक्षिण कोरियात तर प्रत्यक्ष सेवाच सक्तीची आहे. आपल्या देशात मात्र सक्ती कधीच नव्हती, दुसऱ्या महायुद्धातले पंचवीस लाख हिंदी सैनिकही स्वेच्छेनेच भरती झालेले होते. जेथे सक्ती असते तेथे सरकार तरुणाला शोधत येते. येथे अर्ज चुकला तर कोणी विचारायला येत नाही.

म्हणून अग्निवीर होऊ पाहणाऱ्या मुलांना माझे सांगणे, की भारतीय सेनेच्या संकेतस्थळावरचा अर्ज स्वतः भरा. स्वतःचे, वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर जशी असेल तशी, अक्षर न् अक्षर, त्याच क्रमाने लिहा. मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते आणि आधारपत्रावर शेवटी, इकडे विशेष लक्ष असावे. दोन दस्तऐवजांत तफावत असेल तर आधारपत्राची दुरुस्ती अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधी करून घ्या. मुदत उलटल्यावर अर्जात काना-मात्राही बदलता येत नाही. भ्रमणध्वनी व ई-मेल स्वतःचाच द्या. सरपंचांचा अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो उगाच लवकर काढून ठेवू नका. तहसीलदारांचा अधिवासाचा दाखला मात्र आधीच काढा. १४ जून २०२२ रोजी अग्निवीर भरतीची योजना जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी होती, ती त्या पहिल्या वर्षापुरती तेवीसपर्यंत वाढवली. तेव्हा दर वर्षीची अधिसूचना मुळातून वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम आहे, त्यामुळे नुसते धावून भागणार नाही. अर्जाचे शुल्क अडीचशे रुपये. याहून अधिक रक्कम 'आत ओळख आहे' म्हणून मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. 

आमच्या काष्टी गावच्या शनिवारच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याखेरीज, त्याला चार पावले चालवून पाहिल्याखेरीज कोणी दावे हाती घेत नाही. तीच खातरजमा मी त्या पडद्यावरच्या अर्जाची करून घ्यायला हवी होती, पण 'फायनल' या शब्दाने मला गप्प केले. पुढच्या भरतीपर्यंत माझ्या मुलाने वयाची मर्यादा ओलांडली होती.

काष्टी परिसरातील ज्या कोणाला अर्ज ताडून पाहायचा असेल त्याने शनिवार सोडून कोणत्याही सायंकाळी माझ्या ओट्यावर यावे. येताना दहावीचे मूळ प्रमाणपत्र आणावे, नक्कल नको.