अडलेल्याची खिडकी

वेबसाइटच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल बटण असतं. दाबलं की मदतीची खिडकी उघडते. पुण्यात बसून मी अशा खिडक्या बनवते. माणूस तिथे येतो तो अडल्यावरच. तिथेही दार लावलेलं सापडलं तर त्याने जायचं कुठे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

१. माझ्या बटणाला नावच नव्हतं. एक अंध ग्राहक शेजारी बसले होते. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. टॅब दाबत दाबत अख्खं पान पार करून ते बटणापाशी आले आणि आवाज आला, "बटण." एवढंच. मी हौसेने काढलेला संवादाचा फुगा त्यांच्यासाठी नव्हताच. "मदतीसाठी चॅट उघडा" हे नाव कोडमध्ये लिहायला दोन मिनिटं लागली. त्याआधी किती जण तिथून परत गेले असतील, हे आता कळायला मार्ग नाही.

२. मध्येच बोलू नये, हे कोडलाही शिकवावं लागतं. नवं उत्तर आपोआप वाचलं जावं म्हणून 'एरिया-लाइव्ह' नावाची सूचना लिहितात. ती 'असर्टिव्ह' ठेवली तर चाललेलं वाचन तोडून बोलते. 'पोलाइट' ठेवली तर आधीचं संपेपर्यंत थांबते. उत्तर ताबडतोब पोहोचावं म्हणून मी पहिली निवडली. मग तेच अंध ग्राहक टाइप करत असताना "प्रतिनिधी लिहीत आहेत" हे वाक्य पुन्हा पुन्हा मध्ये घुसू लागलं. "मॅडम, मी काय लिहितोय तेच मला ऐकू येईना," ते शांतपणे म्हणाले. आता पोलाइट आहे, आणि ते वाक्य एकदाच येतं.

३. आम्ही ज्याला 'हालचाल नाही' म्हणत होतो, ती कुणाची तरी मेहनत होती. सेरेब्रल पाल्सी असलेली एक तरुणी एका बोटाने तक्रार लिहीत होती. शेवटच्या ओळीवर होती आणि पाच मिनिटं भरली म्हणून खिडकी मिटली. सगळा मजकूर गेला. आमचा सर्व्हर फक्त पाठवलेले संदेश मोजत होता; तिची अक्षरं त्याच्या हिशेबात नव्हतीच. वेळ संपण्याआधी सांगावं, ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, साध्या कृतीने निदान दहा वेळा वाढवता यावी, असं डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं. वाचताना डोळ्यांसमोर कुणी नव्हतं. आम्ही मर्यादाच काढली आणि अर्धवट मजकूर जपून ठेवायला लागलो.

४. चॅट आहे म्हणजे कर्णबधिरांची सोय झाली, असं मी धरून चालले होते. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी लिखित मराठी दुसरी भाषा असते. दोन्हींचं व्याकरण वेगळं. आमची उत्तरं मात्र "सदर बाबतीत आपणास कळविण्यात येते की" अशी सुरू व्हायची आणि "अधिक माहितीसाठी फोन करा" इथे संपायची. तो फोन कुणी करायचा? वाक्यं छोटी केली. गंमत म्हणजे ऐकू येणाऱ्यांच्याही शंका कमी झाल्या.

५. या सगळ्या बदलांना मी आमचा चांगुलपणा समजत होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, हे माहीत होतं. पण ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला आणि हलले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावायला सांगितलं जात होतं. न्यायालयाने डिजिटल सेवांची वाट अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडली. त्या दिवसापासून बैठकीत 'जमलं तर करू' हे शब्द मी वापरत नाही.

६. सगळं झालेलं नाही. खिडकी उघडण्याआधी चित्रांतले सिग्नल ओळखायला लावणारं कोडं अजून तिथेच आहे. सुरक्षेचं काम पाहणारे म्हणतात राहू दे, मी म्हणते काढा. गुरुवारी त्यावर बैठक आहे. एनव्हीडीएवाले ते ग्राहक येणार आहेत. या वेळी त्यांना चाचणीच्या खोलीत न्यायचं नाही, टेबलाशी बसवायचं आहे.